हिरव्या काटक्यांचा बाण

तुम्ही खुणा खरवडून काढल्यात. आधी हे कबूल करा, मग पुढचं बोलू.

त्या वरच्या खोऱ्यात मोठ्या दगडांवर पिवळ्या रंगाचे पट्टे होते. कुणी कधी मारले कोण जाणे, पण धुक्यातही दिसायचे. तुमच्या खात्याने माणसं लावली, तारेच्या ब्रशने ते पट्टे घासून काढले आणि खोऱ्याच्या तोंडाशी पाटी ठोकली: डोंगराला त्याचं मूळ रूप परत देत आहोत, चालणाऱ्यांनी आपापली वाट शोधावी. वा! डोंगराने अर्ज केला होता का तुमच्याकडे? आणि त्याच खोऱ्यात माणूस हरवलं तेव्हा अर्धा दिवस शोधल्यासारखं केलंत आणि सापडलं म्हणून हात झटकून मोकळे झालात. कोणतं माणूस सापडलं ते नीट बघायची तसदी एकानेही घेतली नाही. म्हणून ही हकिकत पहिल्यापासून सांगणं भाग आहे. खुर्ची पुढे ओढा आणि ऐका.

दोघी होत्या. नणंद आणि भावजय. नणंद-भावजय एका छपराखाली सुखाने नांदल्या तरी लोक तोंडात बोटं घालतात. या दोघी एका तंबूत राहत होत्या, तेही कित्येक महिने. नणंद मोठी. रुग्णालयात परिचारिका होती. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या खाटेशी उभं राहून काढलं आणि एके दिवशी नोकरी सोडून घरी येऊन म्हणाली, आता मला फक्त चालायचंय. वाटेवर भेटणारा प्रत्येकजण तिला ताई म्हणायचा. भावजयीचं कपडे उसवून नीट करून द्यायचं दुकान. लोकांची पोटं सुटली की पँटी सैल करायच्या, आजारपणातून उठले की आवळायच्या. ताईने तिचं नाव ठेवलं होतं बॉबिन. शिवणयंत्राच्या पोटात ते बारकं रीळ गरगरत असतं ना, ते. "दिसत नाही, बोलत नाही, पण ती नसली की एक टाका पडायचा नाही," असं ताई लोकांना सांगायची. वाटेवर तेच नाव पडलं, म्हणून इथेही तेच.

बॉबिनचा नवरा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. तो आला नाही. दिवसभर लोकांचे जिने चढून-उतरून विजेचे मीटर वाचणारा माणूस. सुट्टी काढून आणखी चालायला जाणं म्हणजे त्याच्या लेखी वेडाचा झटका. "दुरून डोंगर साजरे म्हणतात," तो फोनवर म्हणायचा, "आणि तुम्ही दोघी जवळ जाऊन त्यांची अब्रू काढताय." आई लहानपणीच गेल्यामुळे त्याला ताईनेच वाढवलेलं. निघायच्या दिवशी त्याने बायकोला बाजूला घेतलं आणि थट्टा न करता सांगितलं, "तिला परत घेऊन ये. ती आपणहून परत यायची नाही."

बॉबिनने हो म्हटलं. एवढाच शब्द तिने दिला होता, आणि तो तिच्या गळ्यात सॅकच्या पट्ट्यासारखा रुतून बसला होता.

लांब चालण्याचं कौतुक ज्यांना असतं ते सहसा चाललेले नसतात. पहिल्या पंधरवड्यात दोघी प्रत्येक वळणावर थांबायच्या, अगं बघ तरी म्हणायच्या. मग बघणं कमी झालं. बर्फाची शिखरं रोज समोर असली की घरासमोरच्या भिंतीसारखी होतात. सुखं उरली ती अगदी लहान. कोरडे मोजे. निवाऱ्यावर पोचलो आणि आधीच कुणीतरी शेगडी पेटवलेली. सॅक उतरवल्यावर अंग पहिली काही पावलं आपोआप तरंगतं, ते. आणि वैताग म्हणाल तर ढीगभर. तंबूला येणारा ओल्या कुत्र्यासारखा वास. नेमकी थंडीत अडकणारी स्लीपिंग बॅगची चेन. पाकिटातल्या सूपची चव, जी सगळ्या पाकिटांत एकच असते, वर चित्र कुठल्याही भाजीचं असो. ही खिंड, ही खिंड म्हणत धापा टाकत वर जावं, तर खिंड तिच्यामागे आणखी वर. आणि नकाशावरून भांडण. रोज.

"उजवीकडे."

"ओढा डावीकडे दाखवलाय."

"ओढा हलतो, पावसाळ्यात."

"नकाशा छापणाऱ्याला सांग की मग."

बॉबिनच्या पायाची बोटं एका थंड आठवड्यात बधिर झाली आणि तशीच राहिली. आधी तिला काळजी वाटली. मग सवय झाली. हळूहळू तो बधिरपणा वर चढला, असं तिला वाटायचं. पोटरीतून गुडघ्यात, गुडघ्यातून कुठेतरी छातीपर्यंत. वाईट नव्हतं ते. घरी जी टोचणी असते, दुकानाचं भाडं, गिऱ्हाइकाची कटकट, ती टोचत नव्हती. काहीच टोचत नव्हतं. पाय पडत होते, एवढंच.

घरी ती ताईला अहो-जाहो करायची. ते एका वादळात गळून पडलं. तंबूची काठी वाकली, ताईच्या हातून कापड सुटलं आणि बॉबिन ओरडली, "धर ना गं घट्ट!" नंतर तिने जीभ चावली. ताई भिजलेल्या केसांनिशी हसत सुटली. "हां. आता शोभलीस भावजय. असंच बोल." तेव्हापासून ताई 'तू' झाली.

आता दोघींची चालायची रीत सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. चढावर ताई पुढे, कारण तिचा दम मोठा. उतारावर बॉबिन पुढे, कारण ताईचे गुडघे उतारावर रडायचे; एकेक पाऊल आडवं टाकत, काठीवर रेलत, शिव्या घालत ती उतरायची. दोघींत बरंच अंतर पडायचं. तेव्हा जी पुढे असेल तिने फाट्यावर काटक्यांचा बाण मांडायचा, काटक्या नसतील तर दगडांचा. जी मागे असेल तिने तो बघायचा आणि पायाने मोडायचा. मोडायचाच. आपला बाण तसाच टाकून जाणं म्हणजे परक्या माणसाला आपल्या वाटेला लावणं, असं ताईचं म्हणणं. "वापरलेली सुई कुणी उघडी टाकून जातं का?" मोडलेल्या बाणाचा आणखी एक अर्थ होता: मागची इथपर्यंत सुखरूप आली. ताईचा बाण खाटेवरच्या चादरीसारखा, कोपरे मारून ठेवलेला. बॉबिन एक काटकी दुसरीच्या खाली खोचायची, कापडाची दुमड खोचतात तशी. अंतर फारच वाढलं की पुढची हाक द्यायची आणि मागची म्हणायची, "आहे, आहे." इतकीच त्यांची यंत्रणा. खुणा असताना ती चैन होती. तुमच्या कृपेने गरज झाली.

वरच्या खोऱ्यात शिरल्यावर पहिल्याच सकाळी धुकं उतरलं. चढ होता, ताई पुढे होती. घासलेल्या दगडांवर तारेच्या ब्रशचे पांढरे ओरखडे दिसत होते, पट्टा मात्र एकही शिल्लक नव्हता. काम चोख होतं तुमचं, एवढं मान्य करायला हवं. फाटे पुष्कळ. मेंढ्यांच्या वाटा, पाण्याच्या वाटा, कुठेच न जाणाऱ्या वाटा. पण प्रत्येक फाट्यावर बाण होता, कोपरे मारलेला, ताईचा. बॉबिन बघायची, मोडायची, पुढे जायची. दुपारी ती निवाऱ्याच्या दाराशी पोचली. आत शेगडी होती, लांब बाकं होती, निवारा सांभाळणारी बाई एका मोठ्या पातेल्याचं बूड खरवडत होती.

ताई नव्हती.

बॉबिनने बूट सोडले, मोजे वाळत घातले, गरम पाणी प्यायली. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि ताई आत आली. लालबुंद.

"पायाला भिंगरी लागलीय का गं तुझ्या?"

"माझ्या? तू पुढे होतीस ना?"

"कसली पुढे! पोटात कळ आली म्हणून दगडाआड बसले होते. तू समोरून गेलीस तरातरा. हाक मारली तर बाईसाहेब वळून बघतील तर शपथ."

"मग बाण?"

"काय बाण? तुझे बाण बघत तर आले. मोडत आले एकूण एक."

बॉबिनने हातातला पेला खाली ठेवला. "ताई, मी ठेवलेच नाहीत. तू पुढे आहेस म्हणून मी मोडत आले."

ताईला हसू फुटलं. "म्हणजे आपण दोघीही मागे होतो!" तिने मांडीवर थाप मारली. "शाब्बास. दोन शहाण्या आणि पुढे कुणीच नाही."

"असेल कुणी दुसरं," बॉबिन म्हणाली. "चालणारं."

पातेल्याचा आवाज थांबला होता. "तिकडून आज तुम्हीच आलात," बाई म्हणाली. "काल कुणी नाही. परवाही नाही."

"मग ठेवले कुणी?"

बाई शेगडीकडे वळली. शेगडीत लाकूड सरकवलं, हात पुसले. मग पाठ करूनच बोलली. "खुणा होत्या तोवर बरं होतं. माणसं खुणांच्या मागे जायची. आता कुणाच्या तरी मागे जातात."

ताईने बॉबिनकडे बघून भुवया उडवल्या, बाईचा एक पेच ढिला आहे अशा अर्थाने. बॉबिन हसली नाही. तिला आठवत होतं की तिने मोडलेले बाण तिच्यामागून येणाऱ्या ताईला अख्खे मिळाले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्या बरोबर चालल्या. अंतर ठेवायचं नाही, बाण ठेवायचे नाहीत, असं ठरलं. तरीही बाण होतेच. पहिल्याच फाट्यावर एक. त्या जागी झाडं नव्हती. झाडं खाली, दोन दिवसांच्या वाटेवर संपली होती. इथे गवतसुद्धा दगडाला धरून जगत होतं. आणि बाण काटक्यांचा होता. बॉबिनने वाकून एक काटकी उचलली. हिरवी होती. मोडलेल्या टोकाला चीक होता, बोटाला चिकटला. तिने बोट पँटला पुसलं, पण वास दिवसभर राहिला. उन्हात कापलेल्या ओल्या फांदीचा वास, जिथे ना ऊन होतं ना फांदी.

"नकाशा काय म्हणतो?" ताईने विचारलं.

"सरळ."

"बाण डावीकडे म्हणतोय."

"बाणाला काय कळतं?"

"बघू तर खरं," ताई म्हणाली आणि डावीकडे वळली.

डावीकडे वारा नव्हता. जमीन सपाट होती, पुढे एक झरा होता आणि त्याच्या काठाशी तंबूला नेमकी पुरेल एवढी कोरडी जागा. महिनोन् महिन्यांत अशी जागा मिळाली नव्हती. ताईने बूट काढून पाय पाण्यात सोडले.

"बरं वाटतंय गं," ती म्हणाली. "कुणीतरी ठरवतंय. आपण नुसतं जायचं. मी जन्मभर पुढे होते. घरात मी पुढे, वॉर्डात मी पुढे. सगळे म्हणणार, ताईला विचारा. ताईने कुणाला विचारायचं?"

"मला विचार की."

"तू बॉबिन आहेस," ताई मायेने म्हणाली. "तू खाली असतेस."

बॉबिनला राग यायला हवा होता. आला नाही. भीती यायला हवी होती, तीही आली नाही. दोन्ही कुठेतरी खाली, बधिर बोटांपाशी अडकून पडलं होतं.

त्यानंतरचे दिवस एकसारखे गेले. भांडण नाही, नकाशा नाही, चुकीची खिंड नाही. इतकं सुखाचं चालणं दोघींच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल खोऱ्याची बदनामी करताय. बाण त्यांना पाण्याशी न्यायचे, आडोशाशी न्यायचे. ताई मोडायची, अगदी मनापासून, टाचेने. आणि चालायची ती आता घाईने. सॅकचे पट्टे आवळून, मान पुढे काढून, जणू कुणाला गाठायचंय.

बॉबिन बाणांकडे बघत होती. दुसऱ्याने घातलेला टाका ओळखायची तिच्या डोळ्याला सवय. पहिल्या दिवशी बाण हुबेहूब ताईच्या हातचे होते. मग कोपरे जरा सैल झाले. एका फाट्यावर ती थबकली. बाणाची एक काटकी दुसरीच्या खाली खोचलेली होती.

"ताई, परत फिरू या."

"आता? उद्या-परवा उतार लागेल. खाली खात्याची चौकी आहे, तिथून गाडी."

"मग नकाशाने जाऊ. बाणाने नको."

"काय बिघडवलंय त्याने तुझं?"

"त्याने? कोण 'तो'?"

ताई हळू आवाजात म्हणाली, "पाठ दिसली मला काल. धुक्यात. सॅक होती पाठीवर, आपल्यासारखीच. चालणारं माणूस आहे. चांगलं माणूस आहे."

"चांगल्या माणसाला तोंड असतं. थांबतं, बोलतं."

"आम्हीही वॉर्डात कुणाशी बोलत बसायचो नाही," ताई म्हणाली. "काम करायचो." थोडं चालल्यावर ती पुन्हा म्हणाली, "आणि घरी जाऊन मी काय करू गं? सांग. तुझ्या दुकानात काजं शिवू?"

"हो. शीव. तुझा भाऊ वाट बघतोय."

"तो मोठा झाला," ताई म्हणाली.

उतार सुरू झाला तेव्हा बॉबिनने जुनी रीत पुढे केली. उतारावर मी पुढे, ठरलंय आपलं. ताईने कुरकुर केली नाही. बॉबिन नकाशा हातात धरून उतरू लागली, मागे ताईची काठी टकटक वाजत होती, गुडघ्यांना शिव्या ऐकू येत होत्या, आणि कितीतरी दिवसांनी बॉबिनला जरा हायसं वाटलं. फाटा आला. उजवीकडची वाट खाली चौकीकडे जात होती, नकाशात स्पष्ट होतं. डावीकडची पुन्हा वर चढत होती. डावीकडे हिरव्या काटक्यांचा बाण होता.

तो मोडावा असं तिच्या मनात आलं. पण मोडायचं काम मागच्याचं. या वाटेवर आपण पुढे आहोत, मागे नाही, हे तिला कुणाला तरी दाखवायचं होतं. म्हणून तिने तो तसाच ठेवला. शेजारी दगडांचा आपला बाण मांडला, उजवीकडे तोंड केलेला, ठसठशीत. आणि उतरली.

खालच्या वळणावर ती थांबली. धुकं आलं होतं. काठीची टकटक नव्हती. तिने हाक दिली. काही नाही. बरीच वाट बघून ती उलटी वर चढली.

फाट्यावर तिचा दगडी बाण जसाच्या तसा होता. हिरवा बाण मोडलेला होता. टाचेने.

ती डावीकडे गेली. पुढच्या फाट्यावर मोडलेला बाण. त्याच्या पुढच्या फाट्यावर मोडलेला बाण. ओल्या मातीत ताईच्या बुटाची नक्षी होती, लांब टांगांची, पळत गेल्यासारखी. बॉबिन सॅकसकट पळत होती. छातीत सुई टोचत होती आणि ते टोचणं तिला बरं वाटत होतं.

वाट एका सपाट माळावर आली आणि संपली.

फाटा नव्हता. वाटच नव्हती, तर फाटा कसला. तरीही समोर बाण होता. हिरवा, ओला.

अख्खा.

ताईची पावलं त्याच्या अलीकडेच थांबली होती.

बॉबिनचा पाय उचलला गेला. सवयीने. बाण दिसला की मोडायचा. पाय तसाच अधांतरी राहिला. मोडला, की मी मागची झाले, असं तिला वाटलं. मग मला जावं लागेल.

तिने पाय बाजूला ठेवला.

तेवढ्यात काटक्या मोडल्याचा आवाज झाला. कडकड. ओल्या फांदीचा नव्हे, सुक्या काटक्यांचा. तिच्या पाठीमागे. जिथे मोडायला काही उरलंच नव्हतं.

"ताई?"

"आहे, आहे." मागून.

आणि लगेच, लांबून, माळाच्या पलीकडून, समोरून, "आहे, आहे."

दोन्ही आवाज ताईचे. समोरचा दमलेला होता. मागचा नव्हता.

तिला एवढंच सुचलं, की परत न्यायचंय. परतीची वाट मागे होती. ती वळली.

मागे कुणी नव्हतं. नुसतं धुकं, आणि त्यात थोडं पुढे पुढे वाजत जाणारी पावलं, खालच्या दिशेने. ती त्यांच्यामागे चालू लागली. पाठीमागून, माळावरून, पुन्हा हाक आली. "बॉबिन. थांब गं." अगदी तंबूत म्हणायची तशी. बॉबिनला थांबायचं होतं. पण उतारावर पाय पडत गेले, एकामागून एक, बधिर, जणू ते तिचे नव्हतेच. हाक आणखी एकदा आली. मग वारा सुटला.

संध्याकाळ व्हायच्या आत ती तुमच्या चौकीवर पोचली. हे तुम्हाला आठवत असणार, कारण ती तुमच्या साहेबाच्या टेबलावर दोन्ही हात आपटून ओरडली होती. वर माणूस आहे, माळावर, आवाज देतंय, माणसं पाठवा. माणसं निघाली होती म्हणे दुपारीच; कुणी मेंढपाळाने धुक्यात हाका ऐकल्या होत्या. शोधून ती माणसं परतही आली होती. साहेब चहा पीत होता.

"अहो बाई, शांत व्हा. नणंद ना तुमची? सापडली की. आपणहून आली. तुमच्याआधी."

मागच्या खोलीत शेगडीपाशी ताई बसली होती. ताईची सॅक, ताईचा रेनकोट, ताईचे पिकू लागलेले केस. तिने मान वर केली. "किती उशीर गं केलास," ती म्हणाली. आवाज ताईचा. मायाही ताईची.

समोर गरम पाण्याचं घमेलं होतं. तिने बूट काढले, मोजे काढले आणि पाय पाण्यात सोडण्याआधी तळवे शेगडीकडे धरले.

महिनोन् महिने चाललेले पाय बॉबिनने रोज पाहिले होते. ताईच्या टाचा वहाणेच्या तळासारख्या झाल्या होत्या, अंगठ्याचं नख काळं पडून गेलं होतं, करंगळीवर फोड येऊन फुटून पुन्हा फोड आलेला. हे तळवे गुलाबी होते. मऊ, सपाट, एक रेघ नसलेले. जमिनीला कधी लागलेच नसावेत असे.

बॉबिन बाहेर आली आणि साहेबाला म्हणाली, "ही ती नाही. पाय बघा तिचे."

साहेब आत डोकावला. "मोजे चांगले असतील," तो म्हणाला, आणि बाकीचे हसले. मग त्याने वायरलेस उचलून सांगितलं, शोध बंद, माणूस मिळालं. बॉबिनने हात जोडले, शिव्या दिल्या, शेवटी दाराशी बसून राहिली. "थकव्याने होतं असं," तुमच्यातला एक दुसऱ्याला सांगत होता. "उंचीवर डोकं फिरतं."

असेल. थकवा असेल, उंची असेल. मग गाडीने घरी आल्यापासून आमच्या चाळीच्या जिन्यावरून, त्या उभ्या, अरुंद पायऱ्यांवरून जी बाई रोज भाजी आणायला उतरते, कठड्याला हातही न लावता, तिचे गुडघे कुठे गेले, तेवढं सांगा.

नवऱ्याला ते दिसत नाही. त्याला बहीण परत मिळाली. "तू आणलीस तिला," तो बायकोला म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. बॉबिनने एकदा सांगायचा प्रयत्न केला. त्याने ऐकून घेतलं आणि तिच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताईच आहे गं. मला माझी बहीण कळत नाही का?" ताई घरात सगळ्यांशी चांगली वागते. शेजारणीच्या पोराचं औषध वेळेवर देते. बॉबिनच्या दुकानात काजंही शिवते. बॉबिन तिला पुन्हा अहो-जाहो करू लागलीय. ताईने कधी विचारलं नाही, का म्हणून.

आणि बॉबिन रडत नाही, हे लक्षात घ्या. ती मशीन चालवते, गिऱ्हाइकांची मापं घेते, जेवते. पायाची बोटं अजून बधिर आहेत. फक्त कधीकधी कात्री हातात धरून ती तशीच उभी राहते, आणि कुणी विचारलं तर म्हणते, "थांब म्हणाली होती."

गेल्या आठवड्यात जेवताना ताई म्हणाली, "बर्फ वितळला की आपण तिघं जाऊ या परत. मला ती वाट आता पाठ झालीय. मीच पुढे चालेन. चढावरही, उतारावरही."

जिने चढून वैतागलेला, डोंगरांची आयुष्यभर टिंगल केलेला तो माणूस यावर हसेल असं बॉबिनला वाटलं. तो हसला नाही. शनिवारी त्याने नवे बूट आणले. रोज संध्याकाळी ते घालून तो घरातल्या घरात चालतो, चामडं सैल व्हावं म्हणून. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत, पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात. ताई त्याच्या पुढे चालते. त्याच्याकडे पाठ करून.

बॉबिन तुमच्या कचेरीत तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा तिला सांगण्यात आलं की हरवलेलं कुणीच नाही, तर शोधायचं कुणाला. तुम्ही आमच्या हवाली केलीत ती कोण, हे तुम्हाला सांगता येणार नाही, ते एक वेळ सोडून देऊ. पण त्या माळावर जी थांब म्हणत उभी आहे, तिच्याकडे माणसं कधी पाठवताय? बर्फ वितळायला लागलाय. बोला.